जीर्णोद्धार की वेषांतर?

इटलीतील जुनी घरे विकत घेऊन ती ‘मूळ स्वरूपात’ आणावयाची आणि जुन्या वस्तूंनी सजवावयाची, ही हौस गेली शंभर-सव्वाशे वर्षे जगभरच्या धनिकांत वाढत आली आहे. पूर्वी ती फ्लॉरेन्सभोवतीच्या टेकड्यांवर वस्तीस येणाऱ्या इंग्रज व अमेरिकन रसिकांपुरती होती. आता तिला मध्यम स्थितीतल्या लोकांचीही साथ मिळाली आहे. सिसिलीतील सालेमी गावी २००८ साली ओस पडलेली घरे एका युरोस देऊ करण्याची कल्पना निघाली. त्याच बेटावरील सांबुका गावाने २०१९ साली ती राबवली, तेव्हा तिची वार्ता देशोदेशी पोहोचली. घर घेणाऱ्याने ठराविक मुदतीत ते दुरुस्त करावे, ही त्यातली मुख्य अट. ओस गावात पुन्हा दिवा लागावा याला कोणाचा विरोध असणार? आमचाही नाही. आमचा विरोध आहे तो दिवा लागल्यानंतर त्या घरात जे सुरू होते त्याला.

काय सुरू होते ते पाहा. नवा मालक प्रथम एक शतक निवडतो. बहुधा पंधरावे किंवा सोळावे. मग त्या शतकानंतर घरात जे जे आले ते ते परके ठरते. अठराव्या शतकातले रंगवलेले छत उतरवले जाते. एकोणिसाव्या शतकातील भिंतीवरचा कागद फाडला जातो. चुन्याचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा केला जातो, कारण दगड दिसला म्हणजे घर ‘प्राचीन’ दिसते. एवढे झाले की घर रिकामे होते, आणि मग बाजार गाठावयाचा. कोठल्या तरी मठातील बाक, कोठल्या तरी वाड्यातील चूलखंडाची कमान, कोणा नवरीची चित्रित पेटी, असा सरंजाम गोळा करून घर भरले जाते आणि पाहुण्यांस सांगितले जाते की पाचशे वर्षांपूर्वी लोक असे राहत असत.

आमचे म्हणणे असे आहे की, या रीतीने सजवलेले प्रत्येक घर दोन घरांचा बळी घेते. एक, ज्याच्या भिंती खरवडल्या गेल्या ते. दुसरे, ज्यातून त्या वस्तू उचलून आणल्या गेल्या ते. आणि दोन खऱ्या घरांच्या मोबदल्यात जे हाती येते ते घर नव्हे. ती नाटकाची मांडणी होय.

हे केवळ तर्काने बोलत नाही. या साऱ्या हौसेचा आदर्श ठरलेले जे घर, त्याचाच दाखला घेऊ. फ्लॉरेन्समधील दावान्झाती वाडा चौदाव्या शतकाच्या मध्यास दाविझ्झी नावाच्या व्यापारी घराण्याने बांधला. १५७८ साली तो बेर्नार्दो दावान्झाती याच्याकडे आला. हा व्यापारी तर होताच, शिवाय रोमन इतिहासकार टॅसिटस याचा विख्यात भाषांतरकारही होता. त्याचा वंश १८३८ साली संपला आणि वाडा लहान लहान बिऱ्हाडांत वाटला गेला. १९०४ साली एलिया वोल्पी या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो विकत घेतला, दुरुस्त केला, जुन्या सामानाने भरला आणि १९१० साली ‘प्राचीन फ्लॉरेन्तिन घराचे संग्रहालय’ म्हणून लोकांस खुला केला.

वोल्पी यांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. चुन्याखाली गेलेली भित्तिचित्रे त्यांनी उजेडात आणली. पोपटांचे दालन म्हणून जे आज प्रसिद्ध आहे ते त्यांतलेच. प्रत्येक मजल्यावरून पाणी शेंदता यावे अशी घरातच बांधलेली विहीर, मजल्यामजल्यावरची शौचकूपे, धूर व आग यांचे भय खालच्या दालनांस नको म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवलेले स्वयंपाकघर, हे सारे पाहून मध्ययुगीन नागरी जीवनाची जी कल्पना येते ती शंभर ग्रंथ वाचून येणार नाही. परंतु हे सारे घराचे स्वतःचे होते. सामान घराचे नव्हते. ते दाविझ्झींचे नव्हते आणि दावान्झातींचेही नव्हते. ते बाजारातून जमवलेले होते. पाहणाऱ्यास मात्र भिंत आणि पेटी यांतला हा फरक कळण्याची काही सोय नव्हती. त्याने दोन्ही एकाच विश्वासाने पाहिली.

आणि मग १९१६ साली काय झाले? ते सामान न्यूयॉर्कला गेले आणि लिलावात निघाले. पलंग, बाके, पेट्या, मातीची रंगीत भांडी, सारे एकामागून एक विकले गेले. ‘प्राचीन फ्लॉरेन्तिन घर’ ही त्या मालाची सर्वांत मोठी जाहिरात ठरली होती. वाड्याच्या नावामुळे वस्तूंस कुळ लाभले, आणि त्या कुळामुळे गिऱ्हाईक. त्यानंतर अमेरिकेतील कित्येक श्रीमंत घरांत त्या दालनांच्या धर्तीवर दिवाणखाने सजले. इकडे वोल्पी यांनी रिकामा झालेला वाडा पुन्हा दुसऱ्या वस्तूंनी भरला! घराचा आत्मा म्हणून जे दाखवले होते ते गेले आणि तशाच दुसऱ्या सामानाने त्याची जागा घेतली, तरी घर तेच राहिले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? जे असे बदलता येते ते घराचे अंग नव्हे, अंगावरचा उसना दागिना होय. १९५१ साली इटालियन शासनाने वाडा घेतला व १९५६ साली तो सार्वजनिक संग्रहालय म्हणून उघडला, म्हणून बरे. एरवी तो आणखी किती वेळा भरला आणि विकला गेला असता कोण जाणे.

आता त्या वस्तू येतात कोठून ते पाहू. वोल्पी ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते स्तेफानो बार्दिनी (१८३६–१९२२) हे त्या काळचे या व्यापारातील सार्वभौमच म्हणावे लागतील. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत फ्लॉरेन्सच्या मध्यभागी जुन्या बाजाराचा सारा भाग पाडून आजचा प्रशस्त चौक काढला जात होता. घरे पडत होती, आणि त्यांच्या चौकटी, खांब, लाकडी छते, चूलखंडे सुटी होऊन विक्रीस येत होती. बार्दिनींनी १८८१ साली एका जुन्या मठाची इमारत घेतली व तिला अशाच अवशेषांनी नवे रूप दिले. तिच्या दर्शनी भागावरील खिडक्यांच्या चौकटी या पिस्तोया गावातील एका नष्ट झालेल्या चर्चमधील वेद्यांच्या आहेत. जेथे भाविक गुडघे टेकीत तेथे आता वारा येतो! ही इमारत त्यांनी मृत्यूसमयी शहरास दिली आणि आज ती सुंदर संग्रहालय आहे हे खरे. पण सौंदर्य पाहताना त्याची किंमत विसरू नये. सुटी केलेली चौकट ही दोन गोष्टी सांगते: एक दालन शोभिवंत झाले आणि एक दालन उरले नाही.

मागणी वाढली आणि पडणारी घरे पुरेनाशी झाली, तेव्हा कारागीर पुढे सरसावले. जोव्हान्नी बास्तिआनीनी या शिल्पकाराने घडवलेला एका कवीचा अर्धपुतळा पंधराव्या शतकातला समजून १८६६ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतला. आल्चेओ दोस्सेना याने घडवलेल्या ‘प्राचीन’ मूर्ती मोठमोठ्या संग्रहांत जाऊन बसल्या आणि १९२८ साली हे प्रकरण फुटले. सामानाची गोष्ट याहून वाईट. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समधील थोरामोठ्यांच्या लग्नात चित्रित पेट्यांची जोडी असे. या पेट्यांची मागणी इतकी वाढली की, एकोणिसाव्या शतकात जुन्या फळ्या, नवे पाय, अर्धवट झिजलेले चित्र असे तुकडे जोडून पेट्या तयार होऊ लागल्या. नामांकित संग्रहालयांतील अनेक पेट्यांची तज्ज्ञांनी चिकित्सा केली तेव्हा त्या अशाच जुळवलेल्या निघाल्या. जेथे तज्ज्ञ फसले तेथे सुट्टीसाठी घर घेणारा गृहस्थ काय टिकणार? तो शतकाचे मोल देतो आणि सुताराची हुशारी घरी आणतो.

बरे, वस्तू खऱ्या मिळाल्या असे धरू. तरी चित्र खरे होते काय? १४९२ साली लोरेन्झो दे मेदिची वारला तेव्हा त्याच्या वाड्यातील चीजवस्तूंची यादी करण्यात आली. तिची १५१२ सालची प्रत उपलब्ध आहे. अशा याद्या वाचल्या म्हणजे दिसते की त्या काळच्या दालनांत आजच्या मानाने लाकडी सामान थोडे असे. मोठा पलंग, पेट्या, बाके, एवढ्यात पुष्कळसे आटोपे. वैभव असे ते कापडात: पडदे, आच्छादने, भिंतीवर टांगावयाची विणलेली वस्त्रे. कापड जिरले, लाकूड उरले. म्हणून आज आपण लाकडालाच तो काळ समजतो. पेट्याही मूळच्या रंगवलेल्या आणि सोनेरी मुलामा दिलेल्या. शेकडो वर्षांच्या धुराने आणि रोगणाने त्या काळवंडल्या. काळेभोर अक्रोडी सामान, पांढरी किंवा उघड्या दगडाची भिंत आणि मध्ये सारे रिते, हे जे ‘जुने इटालियन घर’ चित्रांतून मिरवते, ते जुन्या लोकांनी पाहिले असते तर एखाद्या दिवाळखोराचे घर म्हणून हळहळले असते.

घराला एकच शतक असते या समजुतीला दावान्झाती वाड्याच्या भिंतीच उत्तर देतात. तेथे राहणाऱ्यांनी भिंतीवर हिशेब लिहिले, बातम्या लिहिल्या. १४७८ च्या एप्रिलमध्ये जुलिआनो दे मेदिची याचा फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये खून झाला, ती वार्ता कोणी तरी त्या भिंतीवर नोंदवून ठेवली आहे. घर तेव्हा शंभरावर वर्षांचे जुने होते. ‘मूळ स्वरूप’ चौदाव्या शतकाचे, असे म्हणून कोणी सफाईदार कारागिराने ती भिंत घासली असती, तर इतिहासाचा साक्षीदारच पुसला गेला असता. वाड्याच्या माथ्यावरची खुली सज्जाही सोळाव्या शतकातली. त्यापूर्वी तेथे तटासारखे कंगोरे होते. सज्जा पाडून कंगोरे चढवावेत काय? कोणी तसे म्हणत नाही, कारण ती सुंदर आहे. म्हणजे कसोटी सत्याची नव्हे, आवडीची! आपल्याला रुचते ते मूळ आणि न रुचते ते उपरे, असा हा न्याय आहे.

हा वाद केवळ रसिकतेचा असता तर आम्ही इतके लिहिले नसते. तो भिंतीच्या आयुष्याचा आहे आणि प्रसंगी माणसांच्या प्राणांचाही आहे. तोस्काना किंवा उम्ब्रिया प्रांतातील साधी घरे ओबडधोबड दगडांची. त्यांवर चुन्याचा गिलावा असे तो शोभेखातर नव्हे; पावसापासून सांध्यांतला चुना राखावा आणि भिंतीत चढलेली ओल बाहेर पडू द्यावी म्हणून. तो खरवडला की सांधे धुपतात. मग मालक घाबरून सिमेंट भरतो. सिमेंट ओलीला वाट देत नाही. ती आतल्या आत वर चढते, तिच्यातील क्षार दगडाच्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचा भुगा होतो. ज्या दगडाचे दर्शन घ्यावयाचे म्हणून गिलावा काढला तो दगडच असा नाहीसा होतो.

छपरांची कथा आणखी गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजबुतीच्या नावाखाली अनेक दगडी घरांवरची हलकी लाकडी छपरे काढून लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची जड छते बसवण्यात आली. १९९७ साली उम्ब्रिया व मार्के प्रांतांत आणि २०१६ साली मध्य इटलीत मोठे भूकंप झाले, तेव्हा असे दिसून आले की, खालची भिंत कच्ची आणि माथ्यावर हे ओझे, अशी घरे कित्येक ठिकाणी अधिकच वाईट रीतीने कोसळली. आणि जुने गवंडी काय करीत? समोरासमोरच्या भिंती लोखंडी दांड्याने आवळून धरीत आणि बाहेरून त्याच्या टोकाला खीळ ठोकीत. इटलीच्या कोणत्याही जुन्या रस्त्यावर हे दांडे दिसतात. नवा मालक ते ‘विद्रूप’ म्हणून झाकू पाहतो आणि भिंतीवर जुनी तलवार टांगतो. घराला तोलून धरणारे लोखंड लपवावयाचे आणि शोभेचे लोखंड मिरवावयाचे, यातच या हौसेचे सारे मर्म आले.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, हे हौशी धनिक नसते तर ही घरे केव्हाच मातीस मिळाली असती. हे अंशतः खरे आहे. परंतु बुडणाऱ्याला वर काढणाराला त्याचे कपडे बदलून त्याला दुसऱ्याचे नाव देण्याचा हक्क कोठून येतो? दुरुस्तीला पैसा लागतो. ढोंगाला तो अधिक लागतो. छताच्या गळतीवर खर्चावयाची रक्कम मठातल्या बाकावर गेली, तर घर वाचवले असे म्हणवत नाही.

दुसरे म्हणतात, मिलानमधील बागात्ती वाल्सेक्की बंधूंचे काय? फाउस्तो आणि ज्युसेप्पे या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले वडिलोपार्जित घर सोळाव्या शतकाच्या थाटात सजवले. जुन्या वस्तू जमवल्या, कमी पडल्या तेथे समकालीन कारागिरांकडून तशाच घडवून घेतल्या, आणि नळाचे पाणी व स्नानाची सोय त्या थाटातच बेमालूम बसवली. त्यांचे वंशज तेथे १९७४ पर्यंत राहिले. १९९४ पासून ते संग्रहालय आहे. हे घर आम्हांसही प्रिय आहे. पण का? ते सोळाव्या शतकाचे आहे म्हणून नव्हे. आपल्या राष्ट्राचे ऐक्य नुकतेच साधलेल्या एका पिढीला आपला भूतकाळ कसा दिसत होता, हे ते सांगते म्हणून. ते एकोणिसाव्या शतकातील मिलानचे प्रामाणिक घर आहे. त्याची नक्कल आज करणे म्हणजे नकलेची नक्कल करणे होय.

तिसरा आक्षेप मालकीचा: घर माझे, पैसा माझा, मी वाटेल ते करीन. इटलीचा कायदाच हे मान्य करीत नाही. १९०९ आणि १९३९ च्या कायद्यांपासून २००४ च्या संहितेपर्यंत त्या देशाने हेच धरून ठेवले आहे की, ज्या खाजगी वास्तूचे सांस्कृतिक मोल शासनाने जाहीर केले, तिच्यात अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून फेरफार करता येत नाही. मालक हा अशा घराचा स्वामी खरा, पण विश्वस्तही.

मग करावे तरी काय, असे विचारले जाईल. मार्ग नवा शोधावयाचा नाही. इटलीनेच तो दाखवला आहे. कामिल्लो बोइतो यांनी १८८३ साली रोम येथील परिषदेत जी तत्त्वे मांडली त्यांचे सार असे की, नवे काम नवे म्हणून ओळखू यावे आणि निरनिराळ्या काळांची भर जपावी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ते जगभर नेले: शैलीची एकता हे ध्येय नव्हे, आणि जेथे अटकळ सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. चेझारे ब्रान्दी यांच्या मार्गदर्शनाखाली रोमच्या संस्थेत भित्तिचित्रांतील गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरण्याची रीत रूढ झाली. दुरून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात. डोळ्याचे समाधान होते आणि बुद्धीची फसवणूक होत नाही. घराच्या बाबतीत हाच धर्म लागू आहे. गळके छप्पर लाकडाचेच नीट करा, गिलावा चुन्याचाच द्या, अठराव्या शतकातल्या छताला आणि विसाव्या शतकातल्या फरशीला आपापल्या जागी नांदू द्या. घरात जे मूळचे सामान सापडेल ते साधे असले तरी ठेवा. आणि जे कमी पडेल ते आजच्या सुताराकडून आजचे म्हणून करून घ्या. त्याच्याही पोटाला काही मिळू द्या.

जुन्या वस्तूंवर प्रेमच असेल तर मारिओ प्राझ (१८९६–१९८२) यांचा आदर्श घ्यावा. इंग्रजी साहित्याच्या या प्राध्यापकाने नेपोलियनच्या काळातील सामान, फॅशन त्याला नाके मुरडीत असता, एकेक करून जन्मभर जमवले. १९५८ साली त्यांनी आपल्या घराचे दालनवार वर्णन करणारा आत्मचरित्रात्मक ग्रंथ लिहिला. पुढे ते रोममधील एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात गेले तेव्हा सामानही त्यांच्याबरोबर गेले. वाडा अमुक काळचा म्हणून सामान तमुक, असा दावा त्यांनी केला नाही; सामान त्यांच्या आयुष्याचे होते आणि त्याची हकीकत ते सांगू शकत होते. जिची हकीकत सांगता येत नाही अशी वस्तू घरात आणू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा बाजार बसेल.

गोव्याच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल, तर जुन्या गोव्यातील बॉम जेझू येथे जाऊन पाहावे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीची बैठक फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवली, तोस्कानाचा अधिपती तिसरा कोझिमो याने ती अर्पण केली आणि १६९८ साली ती येथे उभारण्यात आली. तिच्यावर जी चांदीची पेटी आहे ती मात्र त्याआधीच १६३७ च्या सुमारास गोव्याच्या कारागिरांनी केलेली. देश दोन, काळ दोन, हात दोन. आणि तरी वास्तू एक. ती एक झाली ती एका शतकाचे सोंग घेऊन नव्हे, पिढ्यांच्या भक्तीची भर पडत गेली म्हणून. त्याच वास्तूच्या बाहेर या. १९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज स्थपती बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली तिचा चुन्याचा गिलावा उतरवण्यात आला. उघडा पडलेला जांभा चिरा तेव्हापासून पाऊस झेलीत झिजत आहे. आणि आता पुन्हा गिलावा द्या म्हटले तर कित्येकांना तीच विटंबना वाटते, कारण तांबडे रूपच ‘प्राचीन’ म्हणून मनात ठसले आहे! वेषांतर एकदा रूढ झाले की खरा चेहरा परका वाटू लागतो, तो असा.

आपल्याकडच्या जुन्या घरांतूनही कोरीव खुर्च्या, देवघरे, शिंपल्यांच्या खिडक्या निघून बंगल्यांत आणि हॉटेलांत जात आहेत. १९७२ चा कायदा शंभर वर्षांवरील पुराणवस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. पण एका गावातून दुसऱ्या गावी गेलेल्या खिडकीचे रडे त्याला ऐकू येत नाही. तेथे मालकाचा आणि गिऱ्हाइकाचा विवेकच हवा. फ्लॉरेन्सने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. आपण तो फुकट शिकू शकतो. जो जुने घर घेईल त्याने प्रथम त्याचे छप्पर पाहावे, मग भिंती, मग त्या भिंतींवर आधीच्या माणसांनी काय ठेवले आहे ते. इतके होईपर्यंत जुन्या वस्तूंच्या दुकानाची पायरी चढू नये. आणि इतके झाल्यावर, बहुधा, ती चढण्याची गरज उरणार नाही.